सहकामाची व्यवस्था आणि समूहगतिकी (बेळगाव सीमाभाग)

एकत्र काम करणाऱ्यांची संख्या, आपसांतील ओळख, देण्याघेण्याचा हिशेब आणि मान यांचा कामाच्या मांडणीवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय आहे. ‘समूहगतिकी’ ही संज्ञा मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या १९४० च्या दशकातील कार्यामुळे समाजमानसशास्त्रात रूढ झाली. येथे तिचा विचार खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी व अथणी या पट्ट्यातील शेतीकाम आणि पतव्यवस्था यांच्या संदर्भात केला आहे.

गट वाढला की दरमाणशी काम का घटते, हा या विषयातील सर्वांत जुना वाद. फ्रेंच कृषी-अभियंता माक्स रिंगेलमान यांनी बहुधा १८८२ ते १८८७ या काळात ओढण्या-ढकलण्याचे प्रयोग केले; ते प्रसिद्ध झाले मात्र १९१३ मध्ये. त्यांच्या कोष्टकात एकट्या माणसाचे काम १ धरल्यास दोघांत ते दरमाणशी ०.९३, चौघांत ०.७७ आणि आठांत ०.४९ इतके उतरते. मूळ लेख दीर्घकाळ विस्मृतीत गेला होता. १९८६ मध्ये क्रॅविट्झ व मार्टिन यांनी तो पुन्हा तपासला, तेव्हा हे बहुचर्चित कोष्टक केवळ दोर ओढण्याच्या प्रयोगाचे नसल्याचे दिसून आले. कारणाविषयी दोन मते आहेत. रिंगेलमान यांचा स्वतःचा कल ताळमेळ न जमण्याकडे होता : सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही. इंगहॅम व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये डोळे बांधलेल्या माणसाला ‘मागे आणखी लोक ओढत आहेत’ असे भासवून प्रत्यक्षात एकट्यालाच ओढायला लावले, तरीही त्याचा जोर कमी झाला. म्हणजे ताळमेळाचा प्रश्न नसतानाही अंग राखले जाते. लाटाने, विल्यम्स व हार्किन्स (१९७९) यांना टाळ्या व आरोळ्यांच्या प्रयोगांत तेच आढळले. दोन्ही कारणे एकाच वेळी काम करतात, हे मत आज अधिक ग्राह्य आहे. पण व्यवस्था आखणाऱ्याच्या दृष्टीने दुसरे कारण महत्त्वाचे ठरते, कारण प्रत्येकाचा वाटा डोळ्यांना दिसेल अशी मांडणी केली की अंग राखणे कमी होते.

खानापूर व बेळगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील भातशेतीत ही मांडणी प्रत्यक्ष पाहायला मिळते. रोप लावताना बायका ओळीने उभ्या राहून मागे सरकत जातात. एखादीचा हात मंदावला की तिच्यासमोरचा चिखल तेवढा मोकळा दिसतो. शेजारीण दोन मुठी जास्त लावून तो भरून काढते, पण कुणी भरला हे सगळ्यांना कळते. वेगळा देखरेख करणारा लागत नाही. पैऱ्यातली, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करण्याच्या रीतीतली, खरी अडचण आधी कुणाचे शेत ही असते, कारण पाऊस सगळ्यांचा एकदमच येतो. कुणाचा तरवा (लावणीची रोपे) आधी तयार झाला, कुणाच्या शेतात पाणी टिकत नाही, यावर क्रम ठरतो. बैलजोडी घेऊन आलेल्याचा दिवस आणि नुसत्या माणसाचा दिवस सारखा धरत नाहीत. हा हिशेब बहुतांशी तोंडी असल्याने तो सगळ्यांच्या लक्षात राहील एवढाच गट टिकतो. पॉवर टिलर आल्यावर चिखलणीचा पैरा आटला. लावणीचा त्या मानाने टिकून आहे.

गुऱ्हाळात गट याहून घट्ट बांधलेला असतो. चुलवाणाला जाळ घालणारा आणि काहिलीवर रस आटवून गूळ करणारा गुळव्या यांचे जमले नाही तर सगळी काहील बिघडते. म्हणून येथे समान वाट्याऐवजी गुळव्याचा शब्द चालतो. चिकोडी-अथणीकडील ऊसतोडीच्या टोळीत हिशेबाचे एकक ‘कोयता’, म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी असते. टोळी मोठी असली तरी हिशेब लहान एककाचा, ही रचना काम उरकण्यास सोयीची आहे. मात्र उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, बोजाही त्याच जोडीवर पडतो आणि मुकादमापुढे दाद मागताना ती एकटी पडते, हा तिचा गंभीर दोष होय.

कायद्याने घडवलेल्या व्यवस्थेतही लहान, ओळखीच्या गटाचे हेच तत्त्व आढळते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने किमान दहा सभासद, तेही एका गावचे वा जवळच्या गावांचे, किंवा एका जातीजमातीचे असावेत अशी अट घातली, आणि ग्रामीण संस्थांसाठी सामान्यतः अमर्याद जबाबदारी ठेवली. ही कल्पना जर्मनीतील राइफआयझेन यांच्या पतसंस्थांवरून आली. एकाचे थकले तर सगळ्यांच्या घरावर येणार असल्याने शेजारीच शेजाऱ्याची पत पारखतो. जातीची अट मात्र जुन्या फुटीला कायद्याचा आधार देणारी ठरली. गदगजवळील कणगिनहाळची संस्था (१९०५) भारतातील पहिली मानली जाते. तमिळनाडूतील तिरूरचाही (१९०४) तसा दावा आहे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने सहकाराची ही घडण या भागाला जवळून लागू होती.

नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये बचतगटांची बँकेशी जोडणी सुरू केली, तेव्हा गटाची मर्यादा वीसच्या आसपास राहिली. नोंदणीच्या कायद्याचे ते बंधन होते, पण ओळखीच्या गटालाही ते मानवले. कर्नाटकात २०००-०१ पासून ‘स्त्रीशक्ती’ योजनेखालीही असे गट झाले. सीमाभागात बैठकीची भाषा मराठी आणि कार्यालयीन कागद कन्नड असेल, तेथे कन्नड वाचता येणारी सभासद आपोआप मुखत्यार होते. पदे आळीपाळीने फिरली तरी सत्ता फिरत नाही. यासाठी पैसे मध्ये ठेवून मोजणे आणि वहीतील प्रत्येक नोंद दोन्ही भाषांत मोठ्याने वाचणे हा नियमाचाच भाग असायला हवा.

संगणकाच्या आधारे चालणाऱ्या सहकामाबाबत संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये दाखवले की, ज्याला जादा नोंदी कराव्या लागतात त्यालाच फायदा मिळत नसेल तर व्यवस्था वापराविना पडते. दूध संकलन केंद्रावर वजन व फॅट यांची पावती उत्पादकाच्या हाती तिथल्या तिथे पडते. तेथे नोंद आणि फायदा एकाच जागी येतात.