ऑटोफ्लॉवर गांजा: पहिल्याच पिढीत ‘ऑटो’ मिळत नाही

ऑटोफ्लॉवर झाडाचा साध्या झाडाशी संकर केला की सगळी रोपं ऑटोच निघतात, हा जुना समज चुकीचा आहे. दिवस लहान होण्याची वाट न पाहता वयानुसार फुलण्याचा हा गुण रुडेरालिस या रानटी भांगेतून आला, आणि तो अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणून पहिल्या पिढीतली रोपं १८ तासांच्या उजेडात सहसा फुलत नाहीत, नुसती वाढत राहतात. इथेच अनेक जण बियाणं खोटं समजून टाकतात. ही खरी हानी, कारण गुण आत दडलेलाच असतो! त्याच रोपांचा आपसात संकर केला तर दुसऱ्या पिढीत १०० पैकी साधारण २५ रोपं तेवढ्याच उजेडात फुलतात. पुढच्या संकरासाठी फक्त तीच निवडायची.