सेवा क्लब : उपक्रम आणि फेलोशिप

सेवा क्लब म्हणजे एकाच भागातल्या पण वेगवेगळ्या कामधंद्यातल्या माणसांची मेंबरशिपवर चालणारी संस्था. ही माणसं ठरलेल्या दिवशी नियमित भेटतात, एकमेकांशी दोस्ती वाढवतात आणि आपला वेळ, पैसा, कसब एकत्र करून आजूबाजूच्या लोकांसाठी कामं करतात. रोटरी, लायन्स, किवानिस, इनर व्हील, झोंटा, सोरॉप्टिमिस्ट, राउंड टेबल ही जगभर पसरलेली नावं, शिवाय कुठल्याच मोठ्या संघटनेला न जोडलेले स्वतंत्र क्लबही असतात. रोटरीचे साधारण १२ लाख आणि लायन्सचे साधारण १४ लाख मेंबर जगात आहेत, पण खरं काम होतं ते वीस-तीस-चाळीस माणसांच्या लोकल क्लबात. वरची संघटना नाव देते, नियम देते, मोठ्या प्रोजेक्टला हातभार लावते, पण कोणतं काम घ्यायचं, कोणी करायचं, पैसे कुठून आणायचे हे क्लबचं क्लबलाच ठरवावं लागतं.

धर्मादाय ट्रस्ट आणि सेवा क्लब यात लोकांची बऱ्याचदा गल्लत होते. ट्रस्टमध्ये पैसे देणारे वेगळे, काम करणारे वेगळे, निर्णय घेणारे आणखी वेगळे असू शकतात. क्लबात वर्गणी भरणारा मेंबरच मीटिंगमध्ये मत देतो, शिबिराच्या दिवशी सकाळी लवकर येऊन खुर्च्याही तोच मांडतो आणि संध्याकाळी हिशोबालाही तोच बसतो. बाहेरून बघणाऱ्याला क्लबातली फेलोशिप म्हणजे गप्पा, वाढदिवस, सहली, फॅमिली गेट-टुगेदर एवढंच दिसतं आणि सेवा ही त्याला जोडलेली दुसरी गोष्ट वाटते. पण ज्या क्लबात फेलोशिप पक्की नाही तिथली सेवा दोन-तीन वर्षांच्या वर टिकत नाही, हे या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं सूत्र आहे. पगार नाही, हुकूम नाही, शिक्षा नाही, मग माणूस रविवारची सुट्टी सोडून येतो कशासाठी, तर तिथे आपली माणसं वाट बघत असतात म्हणून.

सुरुवात

२३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना एकत्र बोलावलं. एक खाण इंजिनिअर, एक कोळशाचा व्यापारी आणि एक कपडे शिवणारा व्यावसायिक. हॅरिस लहान गावात वाढलेला, मोठ्या शहरात धंदा चालत होता पण जिवाभावाची माणसं नव्हती, ती कमी भरून काढायची एवढाच सुरुवातीचा विचार. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात भेटायचं ठरलं आणि त्यातून रोटरी उभी राहिली. म्हणजे या सगळ्या चळवळीत आधी मैत्री आली आणि सेवा नंतर. थोड्याच वर्षांत क्लबाने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट केली, ते रोटरीचं पहिलं लोकोपयोगी काम मानलं जातं.

१९१५ ला डेट्रॉइटमध्ये किवानिस सुरू झालं, तेही आधी धंद्याच्या ओळखींसाठी आणि मग काही वर्षांतच सेवेकडे वळलं. १९१७ ला शिकागोतल्याच मेल्विन जोन्स या विमा व्यवसायातल्या माणसाने, धंद्यापलीकडे समाजासाठी काही करावं म्हणून निरनिराळ्या क्लबांना एकत्र आणलं आणि लायन्सची सुरुवात झाली. झोंटा १९१९, सोरॉप्टिमिस्ट १९२१, इनर व्हील १९२४, राउंड टेबल १९२७, अशी वीसेक वर्षांत रांगच लागली.

मीटिंग आणि फेलोशिप

क्लबचा प्राण त्याच्या मीटिंगमध्ये असतो. पारंपरिक क्लब आठवड्यातून एकदा भेटतात, बरेच आता पंधरा दिवसांनी. प्रेसिडेंट घंटा वाजवून मीटिंग सुरू करतो, प्रार्थना किंवा राष्ट्रगीत होतं, पाहुण्यांची ओळख, ज्यांचे वाढदिवस किंवा लग्नाचे वाढदिवस त्यांना शुभेच्छा, सेक्रेटरीची अनाउन्समेंट, मग बाहेरच्या वक्त्याचं भाषण किंवा मेंबरने आपल्या कामाबद्दल बोलणं, आभार आणि परत घंटा. लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचं पदच आहे, उशिरा आलेल्याला, बॅज विसरलेल्याला छोटासा दंड करायचा आणि वातावरण हसतं ठेवायचं हे त्याचं काम. बऱ्याच रोटरी क्लबांत हॅपी मनी असते, मुलगी पास झाली, आईचं ऑपरेशन नीट पार पडलं, काहीही आनंदाचं घडलं की उभं राहून सांगायचं आणि डब्यात पैसे टाकायचे. वरवर हे खेळासारखं वाटतं पण यातूनच कोणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना कळतं, आणि पुढे कोणी हॉस्पिटलमध्ये असला की न सांगता चार जण पोहोचतात.

रोटरीत जुना नियम होता की एका व्यवसायातून मर्यादितच माणसं घ्यायची, त्याला क्लासिफिकेशन म्हणतात. याचा फायदा साधा आहे, एकाच टेबलावर डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, बिल्डर, अकाउंटंट, छापखानावाला बसले की एखादं काम निघाल्यावर बाहेर माणूस शोधायला जावं लागत नाही आणि सगळे एकाच धंद्यातले प्रतिस्पर्धीही होत नाहीत. हजेरीबद्दलही पूर्वी कडक शिस्त होती, मीटिंग चुकली तर दुसऱ्या कुठल्या क्लबात जाऊन बसायचं, त्याला मेक-अप म्हणतात, त्यामुळे परगावी किंवा परदेशी गेलेला मेंबर तिथल्या क्लबात जायचा, दोन्ही क्लबांचे छोटे झेंडे म्हणजे बॅनर एकमेकांना द्यायचे आणि एका संध्याकाळीत ओळखी व्हायच्या. २०१६ नंतर रोटरीने हे नियम बरेच सैल केले, महिन्यातून दोन मीटिंग झाल्या तरी चालतात आणि बाकीचं क्लबाने ठरवायचं. सवलत गरजेची होती हे खरं, तरी ज्या क्लबांनी भेटणंच कमी केलं तिथे ओढ कमी झाली असं जुने मेंबर सांगतात आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

फेलोशिपमध्ये घरची माणसंही येतात, म्हणूनच सहल, क्रीडा स्पर्धा, गाण्याचा कार्यक्रम, मुलांची चित्रकला हे सगळं क्लबाच्या कॅलेंडरमध्ये असतं. जोडीदाराला क्लब परका वाटला तर मेंबर फार दिवस येत नाही, घरातलीच माणसं शिबिराला हात लावायला आली तर मात्र क्लबाची ताकद न बोलता दुप्पट होते.

प्रोजेक्ट कसा उभा राहतो

रक्तदान शिबिर, डोळे तपासणी आणि मोतीबिंदूची ऑपरेशनं, शाळेला बेंच किंवा पाण्याची टाकी, झाडं लावणं, आपत्तीत मदत, शिष्यवृत्ती, कृत्रिम हातपाय, ही क्लबांची नेहमीची कामं. यादी सोपी आहे, अवघड आहे ते काम नीट करणं.

चांगल्या क्लबात आधी गरज बघतात. म्हणजे शाळेला कॉम्प्युटर देऊ असं बोर्ड मीटिंगमध्ये (बोर्ड म्हणजे क्लबाची कार्यकारिणी) ठरवण्याआधी दोघं-तिघं शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारतात, आणि कितीदा असं निघतं की कॉम्प्युटर आहेत पण लाइट टिकत नाही किंवा मुलींसाठी धड टॉयलेट नाही म्हणून मुली गळतात. मग प्रोजेक्टच बदलतो. त्यानंतर एक प्रोजेक्ट चेअरमन नेमतात, खर्चाचा अंदाज काढतात, भागीदार शोधतात. रक्तदान असेल तर ब्लड बँकेशी तारीख ठरवायची, बेड आणि फॅन असलेली जागा बघायची, दात्यांना आदल्या दिवशी आठवण करायची, रक्त दिल्यावर थोडा वेळ बसवायचं, चक्कर आलेल्याकडे लक्ष द्यायला माणूस ठेवायचा. डोळ्यांचं शिबिर असेल तर तपासणीचा दिवस हे काम अर्धंच, पुढे ज्यांना ऑपरेशन सांगितलंय त्यांना हॉस्पिटलला नेणं-आणणं, नंतरचे थेंब, पुन्हा तपासणी, हे झालं नाही तर म्हातारा माणूस चिठ्ठी खिशात घेऊन घरी बसतो आणि कॅम्पच्या रिपोर्टमध्ये मात्र तो लाभार्थी म्हणून मोजला जातो. फॉलो-अप करणारा क्लब आणि फोटो काढून निघून जाणारा क्लब यातला फरक इथेच कळतो, आणि फॉलो-अपला कंटाळा न करणारी चार माणसं एकमेकांना धरून राहतात ती मीटिंगमधल्या दोस्तीमुळेच.

छोट्या क्लबातली साधी कल्पना जगभर कशी जाते याचं उत्तम उदाहरण पांढऱ्या काठीचं आहे. १९२५ च्या लायन्स अधिवेशनात हेलन केलर यांनी दृष्टिहीनांसाठी काम हाती घ्या असं आवाहन केलं आणि ते काम लायन्सची ओळखच बनलं. पुढे १९३० मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या जॉर्ज बॉनहॅम या लायन्स मेंबरने रस्ता ओलांडणारा एक अंध माणूस पाहिला. त्याच्या हातातली काळी काठी गाडीवाल्यांना दिसतच नव्हती, म्हणून काठी पांढरी रंगवून त्यावर लाल पट्टा द्यायची कल्पना त्यांनी मांडली, क्लबाने ती उचलून धरली आणि मग ती ठिकठिकाणी पसरली.

दुसऱ्या टोकाचं काम म्हणजे पोलिओ. १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या मुलांच्या लसीकरणापासून रोटरीने सुरुवात केली, १९८५ ला पोलिओप्लस ही रोटरीची पोलिओविरोधी मोहीम जाहीर झाली, १९८८ ला जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था सीडीसी यांच्याबरोबर जागतिक मोहीम सुरू झाली. तेव्हा सव्वाशेहून जास्त देशांत वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं पोलिओने अपंग होत होती, ती संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. पैसा आणि लस वरून आली, पण लसीचे डबे बर्फात ठेवणं, बूथवर बसणं, नको म्हणणाऱ्या आईबापांच्या घरी परत परत जाऊन बसणं यात लोकल मेंबरचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याची नोंद हवी तेवढी होत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

पैसा आणि पदं

पैशाचा एक नियम प्रत्येक मेंबरला पाठ असायला हवा : मेंबरांच्या वर्गणीचं खातं वेगळं आणि सेवेसाठी लोकांकडून जमवलेल्या पैशाचं खातं वेगळं. वर्गणीतून हॉल, जेवण, वरच्या संघटनेची फी भागवायची, पण लोकांनी मदतीसाठी दिलेला पैसा क्लबाच्या स्वतःच्या खर्चाला लावायचा नाही. लायन्समध्ये याबद्दल स्पष्ट नियम आहेत. हिशोब दर महिन्याला बोर्डापुढे ठेवणारा ट्रेझरर मिळाला की क्लबातली निम्मी भांडणं होतच नाहीत. मोठ्या कामासाठी वरच्या संघटनेच्या फाउंडेशनची म्हणजे सेवानिधीची ग्रँट मिळू शकते, रोटरी फाउंडेशनची कल्पना १९१७ मध्ये रोटरीचे तेव्हाचे प्रेसिडेंट आर्च क्लम्फ यांनी मांडली आणि तिला आलेली पहिली देणगी फक्त साडेसव्वीस डॉलरची होती.

रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं. प्रेसिडेंट एकाच वर्षासाठी असतो, पदग्रहण समारंभात जुना प्रेसिडेंट नव्याच्या गळ्यात कॉलर म्हणजे पदाचा पट्टा घालतो. दरवर्षी माणूस बदलल्यामुळे खुर्चीला कोणी चिकटत नाही, पण दुसऱ्या बाजूला नवीन प्रेसिडेंटला स्वतःच्या नावाचा नवा प्रोजेक्ट हवा असतो आणि आधीच्या वर्षी लावलेल्या झाडांना पाणी घालायला कोणी उरत नाही. यावर उपाय म्हणून समजदार क्लब आजी, माजी आणि पुढचा असे तीन प्रेसिडेंट एकत्र बसवून दोन-तीन वर्षांचे प्रोजेक्ट आखतात.

रोटरीत चार प्रश्नांची कसोटी प्रसिद्ध आहे, हर्बर्ट टेलर या रोटरी मेंबरने १९३२ मध्ये बुडत चाललेली कंपनी सावरताना ती लिहिली. हे खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. बऱ्याच क्लबांत ती मीटिंगमध्ये मोठ्याने म्हणतात.

बायका आणि तरुण

कित्येक वर्षं हे क्लब पुरुषांपुरतेच होते, ही या इतिहासातली लाजिरवाणी बाजू आहे. बायकांनी झोंटा, सोरॉप्टिमिस्ट, इनर व्हील अशा स्वतःच्या संघटना काढल्या आणि उत्तम चालवल्या. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे गावच्या रोटरी क्लबाने बायकांना मेंबर केलं म्हणून १९७८ मध्ये रोटरी इंटरनॅशनलने त्याची मान्यताच काढली, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला. लायन्स आणि किवानिसनेही त्याच वर्षी दार उघडलं, रोटरीने १९८९ मध्ये जगभरासाठी नियम बदलला.

तरुणांसाठी लायन्सचा लिओ क्लब १९५७ पासून, रोटरीचे इंटरॅक्ट १९६२ पासून आणि रोटरॅक्ट १९६८ पासून आहेत. मोठ्या क्लबाने त्यांना फक्त गर्दी जमवायला बोलावलं तर पोरं निघून जातात, प्रोजेक्ट पूर्ण त्यांच्या हातात दिला तर टिकतात.

मेंबर कमी होण्याची अडचण अनेक देशांत आहे, वय वाढतंय आणि नोकरदार तरुणांना आठवड्याची मीटिंग आणि वर्गणी दोन्ही जड जातं. म्हणून ऑनलाइन भेटणारे ई-क्लब, मोठ्या क्लबाच्या आधाराने चालणारे सॅटेलाइट क्लब, जेवणाशिवायची सकाळची मीटिंग असे प्रकार आलेत. नवीन मेंबर बऱ्याचदा लवकरच सुटतो आणि कारण बहुधा एकच असतं, त्याला बॅज दिला पण काम दिलं नाही. म्हणून काही क्लब शपथेच्या दिवशीच त्याला एक जुना सोबती आणि चालू प्रोजेक्टमधली एक ठरावीक जबाबदारी देतात, आणि तीन महिन्यांनी बोर्ड त्याला बोलावून विचारतं की काम जमतंय का आणि कोणाशी ओळख झाली.