जुन्या ऑफ-रोड गाड्यांचा तळपत्रा आणि रॉकर बदलणे

गाडीचा गंजून सडलेला तळाचा पत्रा आणि दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी कापून काढून त्या जागी नवा पत्रा जोडण्याचे काम. या पेटीला रॉकर म्हणतात. ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत सिल हा शब्द चालतो.

या गाड्या चिखलातून आणि ओढ्यांतून जाण्यासाठीच बनलेल्या, त्यामुळे पाणी आत येणारच. पायाखालचे नमदे ते पाणी कित्येक दिवस धरून ठेवतात. रॉकरच्या बुडाशी पाणी निथळायला भोके असतात. ती चिखलाने बुजली की पेटी आतून कुजू लागते. मीठ मिसळलेल्या पाण्याने हा वेग फार वाढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की स्पॉट वेल्डांच्या (पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडणाऱ्या वेल्डांच्या) मधला पत्रा फुगून सांधाच उकलतो. बाहेरच्या रंगावर बारीक फोड दिसतात तोवर आत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

टोयोटा लँड क्रूझर एफजे-४० (१९६०–८४) किंवा जीप सीजे यांची बॉडी वेगळ्या चासीवर, म्हणजे भार पेलणाऱ्या सांगाड्यावर, बोल्टांनी बसवलेली असते. १९८४ साली आलेल्या जीप चेरोकी एक्सजेला अशी सुटी चासी नाही. तिथे रॉकर स्वतः भार पेलतो. जुन्या लँड रोव्हरचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, पण पाय ठेवायच्या जागेचा पुढचा पत्रा पोलादी, आणि सडतो तो तिथेच.

तपासणीला बोथट स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी पुरते. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. भोक अंगठ्याएवढे दिसले तरी चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडत जावे. बहुधा वीतभर कापावे लागते. गंजावरच तुकडा ठोकून वर लांबी (पुट्टी) भरणे ही निव्वळ फसवणूक आहे : ओल आत कोंडते आणि वेल्ड धरायला धड धातूच उरत नाही.

या कामात वेल्डिंगहूनही माप सांभाळणे अवघड. रॉकर कापला की दाराची चौकट मिटते किंवा फाकते. म्हणून कापण्याआधी गाडी सपाट जागी नीट टेकवून दारांच्या फटी मोजाव्यात, चिकटपट्टीवर लिहून बॉडीलाच लावाव्यात आणि चौकटीत लोखंडी नळ्यांचे आडवेतिरपे आधार वेल्ड करावेत. एका वेळी एकच बाजू उघडावी. नवा रॉकर आधी पकडींनी धरून दार लावून पाहावे. खटका सहज बसला, फटी लिहिलेल्या मापांशी जुळल्या, तरच टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारावेत. हा अर्धा तास वाचवणाऱ्याचे दार पुढे कायम घासत राहते.

तळाला साधारण १.२ ते १.५ मिमी जाडीचा पत्रा वापरतात. मिग वेल्डिंगला (यात सतत पुढे सरकणारी तार विजेने वितळून सांधा भरते) ०.६ मिमी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण सोयीचे पडते. सलग शिवण ओढली तर पत्रा तापून लाटांसारखा वाकतो, म्हणून एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, असे करत मधल्या जागा भरतात. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी नव्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोके पाडून ती वेल्डने बुजवतात. जस्ताचा मुलामा आधी घासून काढावा : जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते आणि त्याच्या धुराने ताप भरतो. बॅटरी सोडणे, इंधनाची टाकी व नळ्या उतरवणे, वायरी बाजूला घेणे हे ठिणगी उडण्याआधीच उरकावे.

उघड्या पोलादाला प्रायमर, सांध्यांना दोन्ही अंगांनी सीलर (फट बुजवणारा लेप) आणि मग रंग, हा पुढचा क्रम. वेल्डिंगच्या उष्णतेने रॉकरच्या आतला लेप जळालेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. म्हणून लांब नळीने पोकळीत मेण फवारतात, ते निथळण्याच्या भोकांतून ठिबकू लागेपर्यंत. नंतर काडी घालून ती भोके पुन्हा मोकळी करतात.