क्रूझने येणारा परदेशी पाहुणा आणि भारताचा व्हिसा : पार्श्वभूमी

मुरगाव, नवीन मंगळुरू आणि कोची या बंदरांवर २०१७ च्या एप्रिलपासून, आणि त्यानंतर मुंबई व चेन्नई येथेही, क्रूझने आलेल्या परदेशी पर्यटकांना ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन अर्जावर मिळणाऱ्या व्हिसावर, उतरता येऊ लागले. ही सवलत वरवर किरकोळ वाटते. मात्र ती मिळेपर्यंत सागरी पर्यटकाला विमानतळासाठी आखलेल्या नियमांत कसेबसे बसवले जात होते आणि त्या ओढाताणीच्या खुणा आजच्या नियमांतही दिसतात.

मूळ कायदे मात्र जहाजांच्या काळातले होते. पासपोर्टविषयीचा १९२० चा कायदा आणि परकीय नागरिकांविषयीचा १९४६ चा कायदा झाला, तेव्हा परदेशातून येणारा बहुतेक प्रत्येक माणूस मुंबईच्या बॅलार्ड पिअरसारख्या धक्क्यावरच उतरत असे. मुरगाव तर डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखालीच होते, त्यामुळे मुंबईहून तेथे जाणे हाही परदेशप्रवासच होता. पुढे प्रवासी विमानांकडे वळले, तपासणीची सारी यंत्रणा विमानतळांवर वाढली आणि बंदरांतील इमिग्रेशनचे काम मुख्यतः खलाशांपुरते उरले. खलाशांची व्यवस्था वेगळी आणि पक्की होती. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घरचे कोणी जहाजावर नोकरीला आहे, त्यांना सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीचे नोंदपुस्तक, हे नाव परिचयाचे आहे. तशा नाविक ओळखपत्राच्या आधारे जहाजावरच्या कर्मचाऱ्याला बंदरात काही तास उतरण्याचा परवाना मिळतो. सकाळी येऊन संध्याकाळी निघून जाणाऱ्या पर्यटकासाठी तितकी सुटसुटीत सोय नव्हती.

अशी सोय अशक्य मुळीच नव्हती. सागरी वाहतुकीतील औपचारिकता कमी करण्यासाठी १९६५ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात क्रूझसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. जहाज बंदरात ७२ तासांपेक्षा कमी काळ थांबणार असेल तर त्यावरील पर्यटकांना व्हिसा आवश्यक मानू नये, मात्र विशेष परिस्थितीत अधिकाऱ्यांना तसा आग्रह धरता येईल, असा त्यांतील एकीचा आशय आहे. रशियाने क्रूझच्या प्रवाशांना ७२ तासांपर्यंत व्हिसाविना राहण्याची मुभा दिली, तर चीनने मे २०२४ पासून क्रूझने गटाने येणाऱ्या पर्यटकांना आपल्या किनारपट्टीवर १५ दिवसांची सवलत दिली. हे दोन्ही देश सुरक्षेबाबत ढिले म्हणून ओळखले जात नाहीत. भारतात त्या धर्तीवर होता तो सामूहिक उतरण्याचा परवाना. चार किंवा अधिक पर्यटकांचा गट, मान्यताप्राप्त भारतीय पर्यटन संस्थेची हमी आणि आधीच ठरवलेला कार्यक्रम असेल तर तो मिळत असे. साऱ्या जहाजासाठी सरसकट सवलत मात्र दिली गेली नाही, आणि पर्यटक जहाजावरच बसून राहणार असला तरी त्याच्याकडे भारताचा व्हिसा हवा, असा आग्रह क्रूझ कंपन्या धरत राहिल्या.

या सगळ्याला २००८ च्या नोव्हेंबरमध्ये वेगळेच वळण लागले. २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रमार्गे आले आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. त्यानंतर किनाऱ्याकडे पाहण्याची प्रशासनाची दृष्टी बदलली, आणि ती बदलणे आवश्यकच होते. व्हिसाच्या नियमांवर मात्र थेट परिणाम झाला तो २००९ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत पकडल्या गेलेल्या एका अमेरिकन नागरिकामुळे. हल्ल्यासाठी टेहळणी करणारा हा माणूस वारंवार प्रवेशाची मुभा देणाऱ्या व्हिसावर भारतात अनेकदा येऊन गेला होता. त्यावर उपाय म्हणून पर्यटक व्हिसावर आलेल्याने भारत सोडल्यानंतर दोन महिने परत येऊ नये, असा नियम केला गेला. वास्तविक त्या इसमाकडे व्यावसायिक व्हिसा होता, आणि बंधन पडले ते पर्यटकांवर.

क्रूझसाठी हा नियम फार अडचणीचा होता. मुंबई, मुरगाव, कोची, मग कोलंबो आणि तेथून चेन्नई हा हिवाळी हंगामातला अगदी स्वाभाविक मार्ग आहे. कोलंबोला गेलेले जहाज चेन्नईला लागते तेव्हा त्यावरील प्रत्येक पर्यटक कायद्याच्या दृष्टीने भारतात दुसऱ्यांदा प्रवेश करत असतो आणि मधले अंतर दोन महिन्यांचे सोडाच, चार दिवसांचेही नसते. शेजारच्या देशांचे पर्यटन करून परतणाऱ्यांना कार्यक्रमपत्रिका आणि तिकिटे दाखवल्यास दोन-तीन प्रवेश देता येतील, अशी सूट पुढे देण्यात आली, परंतु निर्णय बंदरावरच्या अधिकाऱ्याच्या हाती राहिला. शेकडो लोक एकत्र प्रवास करत असताना त्यांचा पुढचा मुक्काम असा ऐन वेळच्या निर्णयावर सोडणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये काही मोजक्या देशांचे नागरिक वगळता हा नियम मागे घेण्यात आला.

२७ नोव्हेंबर २०१४ रोजी ऑनलाइन अर्जावर पर्यटक व्हिसा देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा ती ४३ देशांच्या नागरिकांसाठी आणि केवळ नऊ विमानतळांपुरती होती. परत जाताना कोणत्याही अधिकृत तपासणी नाक्यावरून निघता येत असे, प्रवेश मात्र ठरलेल्या विमानतळावरूनच करावा लागे. मुंबईला विमानाने येऊन क्रूझ पकडणाऱ्या पर्यटकाचे जाणे त्यामुळे अडत नव्हते, परंतु तेच जहाज परदेशी बंदर करून पुन्हा भारतात आले की त्याचा ई-व्हिसा निरुपयोगी ठरत असे. जहाजाने येणाऱ्याला दूतावासाकडून कागदी व्हिसाच घ्यावा लागत होता.

२०१७ मध्ये बंदरे खुली झाली आणि खरा वाद उभा राहिला तो बोटांच्या ठशांचा. ई-व्हिसा घेणारा माणूस दूतावासाच्या दारात गेलेला नसतो, म्हणून त्याचे ठसे आणि छायाचित्र भारतात पोहोचल्यावर घेतले जातात. विमानतळावर हे शक्य होते, कारण विमाने दिवसभर येत असतात, एका विमानात दोन-तीनशे माणसे असतात आणि त्यांतले ई-व्हिसावाले थोडे असतात. क्रूझचे दोन हजार प्रवासी एकाच वेळी धक्क्याला लागतात आणि जहाज आठ-दहा तासांत निघणार असते. माणशी तीन मिनिटे आणि दहा काउंटर असा हिशेब केला, तरी दोन हजारांचे काम पुरे व्हायला दहा तास लागतात. म्हणजे शेवटच्या पर्यटकाचे ठसे घेईपर्यंत जहाज सुटण्याची वेळ होणार. मुंबई बंदराच्या ग्रीन गेटबाहेर थांबलेल्या बसगाड्या, मार्गदर्शक आणि टॅक्सीवाले, तसेच जुन्या गोव्यातील चर्च पाहायला आखलेली सहल, हे सारे त्या रांगेवर अवलंबून राहणार होते.

अखेर ई-व्हिसावर येणाऱ्या क्रूझ पर्यटकांना ठसे देण्यातून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सूट देण्यात आली. ज्या समुद्रमार्गे हल्लेखोर आले त्याच मार्गावर तपासणी सैल केली, हा त्यावरचा आक्षेप सहज समजण्यासारखा आहे आणि मुंबईकराला तो जास्तच जाणवतो. मात्र तो तपासून पाहायला हवा. हल्लेखोर एका मासेमारी नौकेचा ताबा घेऊन आणि नंतर रबरी होडीतून, कोणत्याही नाक्याला न विचारता आले होते. याउलट क्रूझवरच्या पर्यटकाचे नाव, पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील जहाज लागण्यापूर्वीच अधिकाऱ्यांकडे असतो, आणि संध्याकाळी तो जहाजावर परतला की नाही याचीही नोंद असते. इतका माग विमानाने येऊन महिनाभर फिरणाऱ्या पर्यटकाचाही राहत नाही. त्यामुळे ही सूट योग्य होती, आणि ती मुदतीची न ठेवता कायमची द्यायला हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुदत संपली तेव्हा करोनाची साथ चालू होती आणि पर्यटक व्हिसा मार्च २०२० पासूनच स्थगित होते. ते पुन्हा सुरू झाले २०२१ च्या अखेरीस, आणि तेव्हाही सर्वांसाठी सारखे नाही. ब्रिटिश नागरिकांना ई-व्हिसा पुन्हा मिळू लागला तो डिसेंबर २०२२ मध्ये. कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे क्रूझचा हंगाम तोंडावर असताना थांबले आणि त्यांचा ई-व्हिसा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाला. एकाच जहाजावर वीस-पंचवीस देशांचे लोक असतात, त्यामुळे दोन सरकारांमधला तणाव जहाजावरच्या शेजारच्या दोन खोल्यांपर्यंत पोहोचतो.

२०१९ मध्ये ई-पर्यटक व्हिसाचे तीस दिवस, एक वर्ष आणि पाच वर्षे असे तीन प्रकार करण्यात आले. तीस दिवसांचा व्हिसा सर्वांत स्वस्त, एप्रिल ते जून १० डॉलर आणि उरलेले वर्ष २५ डॉलर. पण सवलतीचे ते महिने क्रूझचा हंगाम ओसरतानाचे आहेत. त्याहून मोठी अडचण अशी की या व्हिसाचा अर्ज आगमनाच्या जास्तीत जास्त तीस दिवस आधीच करता येतो. जगप्रदक्षिणेला निघालेला वृद्ध पर्यटक तेव्हा भर समुद्रात असतो आणि जहाजावरच्या संथ इंटरनेटवरून त्याला पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवावी लागते. म्हणून एका दिवसाच्या मुंबईदर्शनासाठी अनेक जण ४० डॉलरचा वर्षभराचा व्हिसा घेतात, कारण त्याचा अर्ज १२० दिवस आधी करता येतो.

कंपन्या इतक्या काटेकोर का असतात, याचे उत्तर २००० च्या वाहतूकदारांच्या दायित्वाविषयीच्या कायद्यात आहे. योग्य कागदपत्रांविना प्रवासी आणल्यास वाहतूकदाराला एक लाख रुपये दंड होऊ शकत असे. त्यामुळे भारताचा नियम प्रत्यक्षात राबवला जातो तो दुबई किंवा सिंगापूरच्या धक्क्यावर, जहाजात चढतानाच. १ सप्टेंबर २०२५ पासून हा कायदा, वर आलेले १९२० व १९४६ चे कायदे आणि परकीय नागरिकांच्या नोंदणीविषयीचा १९३९ चा कायदा रद्द होऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला आहे, आणि प्रवाशांची माहिती पुरवण्याची वाहतूकदाराची जबाबदारी त्यातही कायम आहे. त्याच महिन्यात बॅलार्ड पिअर येथे मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तेथे चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत. काउंटरांची उणीव निदान मुंबईत त्यामुळे भरून निघेल, मात्र काही तासांच्या मुक्कामासाठी पूर्ण व्हिसा लागण्याची अट तशीच आहे.