आतून ०.२ मिलिमीटर स्टील

तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. ताकातलं आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तांबं विरघळवतात, आणि ते पोटात गेलं की मळमळ, उलट्या. म्हणून तर कल्हई. तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठतो. नवसागरातून सुटलेलं आम्ल तांब्यावरचा काळा थर काढतं, आणि मग वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने फिरवलं की तांबं क्षणात रुपेरी होतं. पण कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं. रिकामं पातेलं गॅसवर विसरलात, तर कल्हईचे थेंब होऊन ओघळतात.

फ्रान्समध्ये महागडी तांब्याची भांडी आता बहुधा आतून स्टीलची असतात. पत्रा २.५ मिलिमीटरचा असेल, तर त्यात साधारण २.३ तांबं आणि ०.२ स्टील. इथे गंमत आहे. स्टीलपेक्षा तांब्यातून उष्णता पंचवीसेक पट सहज वाहते. म्हणजे ते ०.२ मिलिमीटर स्टील पाच मिलिमीटर तांब्याइतकं अडवतं, बाहेरच्या अख्ख्या तांब्याच्या दुपटीहून जास्त!

मग तांब्याचा उपयोग काय? आडवा. ज्योतीची धग तळभर आणि काठापर्यंत पसरवणं हे त्याचं काम. उभ्या वाटेत स्टीलची अडवणूक जाणवतही नाही, कारण ज्योतीकडून भांड्यात उष्णता शिरतानाच त्याहून कितीतरी मोठा अडथळा असतो. आपल्याकडच्या ‘कॉपर बॉटम’ पातेल्यांत नेमकं उलट: जाड स्टील आणि बुडाला तांब्याचा नुसता मुलामा. एवढ्याशा तांब्याने धग फारशी पसरत नाही. दिसतं मात्र छान.

दोन धातू एकत्र तापवले की ते वेगवेगळे फुगून सुटायला हवेत. पण १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असलेलं स्टील जवळजवळ तांब्याइतकंच प्रसरण पावतं, म्हणून जोड टिकतो. आंबटाला तोंड देतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा. ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा धरतो.

आजीच्या पातेल्याला आतून असं स्टील लावून मिळेल का, असं मला कोणी ना कोणी विचारतंच. नाही मिळणार. हे दोन पत्रे प्रचंड दाबाखाली लाटून आधी एकजीव करतात, भांड्याचा आकार नंतर. तयार पातेल्याला कल्हईवालाच शोधावा लागतो.