श्वासातील नायट्रिक ऑक्साइड आणि मुलांचा दमा

मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल आली, बुरशी धरली की दम्याच्या मुलांची दवाखान्यातली ये-जा वाढते. रात्री खोकल्याने झोपमोड होते का, जिना चढताना धाप लागते का, अशी विचारपूस करून आणि छाती तपासून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतात. परंतु श्वासनलिकांच्या अस्तराला किती सूज आहे, हे त्यातून थेट समजत नाही.

त्यासाठी उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजणारी 'फेनो' ही तपासणी आहे. ॲलर्जीतून सूज आली की अस्तरातील पेशी हा वायू अधिक प्रमाणात तयार करतात. मुलाने यंत्राच्या नळीत 6 ते 10 सेकंद संथ, एकसारखी फुंकर घालायची असते. ना सुई, ना रक्त. बारा वर्षांखालील मुलांमध्ये अब्जात 20 भागांहून कमी आकडा आल्यास अशी सूज असण्याची शक्यता कमी, तर 35 हून अधिक आल्यास श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता अधिक मानतात. मात्र ॲलर्जीच्या सर्दीने किंवा पालेभाज्यांतील नायट्रेटनेही आकडा वाढतो, आणि धूम्रपानाने तो घटतो.

मग या आकड्यावरूनच औषध कमी-जास्त करावे का? 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, 6 ते 15 वर्षांच्या पाचशेहून अधिक मुलांवरील ब्रिटिश चाचणीत, एका गटाचे औषध फक्त लक्षणांवरून ठरवले, तर दुसऱ्या गटात लक्षणांना फेनोची जोड दिली; तरीही दुसऱ्या गटात दम्याचे तीव्र झटके लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. दोन्ही गटांतील सुमारे निम्म्या मुलांना झटका आलाच. त्याआधीच्या काही चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात मात्र झटके घटल्याचे दिसले होते. त्यामुळे सरसकट प्रत्येक मुलाची मात्रा या आकड्यावर बेतणे मला योग्य वाटत नाही.

तपासणीचा खरा उपयोग मला दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. खोकला थांबला की 'पंपाची सवय लागेल' या धास्तीने अनेक घरांत स्टेरॉइडचा रोजचा पंप (इनहेलर) बंद होतो, वास्तविक त्याची सवय लागत नाही, आणि पुढच्या भेटीत 'औषध चालू आहे' असेच सांगितले जाते. अशा वेळी आकडा चढाच असेल, आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली पंप नियमित घेतल्यावर आठवड्याभरात तो झपाट्याने उतरला, तर मात्रा वाढवण्याची गरज नसून औषधच नियमित किंवा नीट घेतले जात नव्हते, असा अंदाज बांधता येतो. जेथे हे यंत्र नाही, तेथे डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून स्पेसरसह (पंपाला जोडायच्या पोकळ नळीसह) पंप घेऊन दाखवायला सांगावे आणि चूक असेल तर तिथल्या तिथे सुधारावी. मात्रा वाढवण्याचा विचार त्यानंतर.