कुमार पशुप्रदर्शन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळकरी मुलामुलींनी स्वतः जनावर पाळून, त्याला तयार करून काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) किंवा राज्याच्या मेळ्यात स्पर्धेसाठी उतरविण्याची पद्धती. फोर-एच ही मुलामुलींची मंडळे आणि माध्यमिक शाळांतील कृषिशिक्षणाशी जोडलेली एफएफए (मूळ नाव फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका) ही संघटना यांच्यामार्फत ती प्रामुख्याने चालते. गोऱ्हे, कालवडी, डुकरे, मेंढ्या व शेळ्या यांचे गट मोठे असतात.

पशुप्रदर्शनाची तेथील परंपरा सामान्यतः एल्केना वॉटसन यांच्यापर्यंत नेली जाते. त्यांनी मॅसॅचूसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे १८०७ च्या सुमारास मेरिनो या लोकरीच्या जातीच्या मेंढ्यांची जोडी लोकांपुढे मांडली आणि काही वर्षांतच तेथे नियमित मेळा भरू लागला. मुलांचा संघटित सहभाग जवळजवळ शतकभराने आला. त्याचे श्रेय कोणाचे, याविषयी मात्र एकमत नाही. ओहायओतील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रेअम यांनी १९०२ मध्ये काढलेले मंडळ हा फोर-एचचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. इलिनॉयमध्ये विल ऑट्वेल यांनी मुलांना मक्याचे बियाणे वाटून घेतलेल्या स्पर्धा त्याआधीच्या असल्याने काही अभ्यासक अग्रमान त्यांना देतात, तर मिसिसिपीतील होम्स काउंटीच्या १९०७ मधील मका मंडळाला संघराज्याच्या कृषी खात्याचे पाठबळ मिळाले, म्हणून त्याचाही दावा पुढे येतो. या तिन्ही ठिकाणी भर पिकांवर, विशेषतः मक्यावर होता. त्यामुळे जनावरे पाळण्याच्या उपक्रमाचे मूळ एकाच मंडळात शोधण्यापेक्षा जुने मेळे आणि नवी मंडळे यांच्या संयोगात पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने फोर-एच मंडळे चालविणाऱ्या कृषिविस्तार सेवेला स्थैर्य दिले, १९२८ मध्ये कॅन्सस सिटी येथे एफएफए स्थापन झाली आणि १९६९ पासून तिचे सदस्यत्व मुलींनाही खुले झाले.

मांसासाठीच्या जनावराची निवड मेळ्याच्या तारखेपासून मागे मोजून केली जाते. खच्ची केलेला गोऱ्हा दूध तुटल्यावर, साधारण ५०० ते ६०० पौंड वजनाचा असताना घेतात व सुमारे १,२०० ते १,४०० पौंडांपर्यंत वाढवितात. डुक्कर सहा महिन्यांच्या आसपास २५० ते २८० पौंडांचे होते. खुराक एकदम न बदलता हळूहळू वाढवावा लागतो, कारण धान्याचा अचानक मारा झाल्यास रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्लता वाढते. गोऱ्ह्याला म्होरकीची सवय लहानपणीच लावतात. त्याला वारंवार धुऊन, वाऱ्याच्या यंत्राने वाळवून, केस वर-पुढे विंचरून वळण देतात; उन्हाळ्यात केस दाट राहावेत म्हणून दिवसा थंड गोठ्यात ठेवतात. केस कापण्यात खरे कौशल्य पाठीची रेषा सरळ आणि पाय भरदार भासविण्याचे असते. काही मेळ्यांत केसांना चिकटद्रव्य लावण्यास मनाई असते.

परीक्षण दोन प्रकारचे असते. एकात जनावराची बांधणी, स्नायू व चरबीचा थर पाहतात. दुसऱ्यात जनावर हाताळणाऱ्या मुलाचे कौशल्य. गोऱ्ह्याचे पाय लांब काठीने जागेवर बसवितात, मेंढी बहुधा म्होरकीशिवाय हनुवटीखाली हात धरून उभी करतात, तर डुकराला छडीने हलकेच वळवीत ते परीक्षकाच्या नजरेसमोर राहील असे चालवितात. या दुसऱ्या परीक्षणाचे शैक्षणिक मोल अधिक आहे, कारण महागडे जनावर विकत घेऊन ते जिंकता येत नाही.

बक्षिसांच्या मोहातून गैरप्रकारही घडले. १९९० च्या दशकाच्या मध्यास काही विजेत्या गोऱ्ह्यांत क्लेनब्युटेरॉल हे स्नायू वाढविणारे प्रतिबंधित औषध आढळल्यावर तपासण्या कडक झाल्या. ही जनावरे अखेर अन्नसाखळीत जात असल्याने कोणतेही औषध थांबविल्यापासून कत्तलीपर्यंत ठरावीक काळ जाऊ देणे बंधनकारक असते. २०१२ मध्ये डुकरांतील एच३एन२व्ही इन्फ्लुएंझाची ३०९ माणसांना लागण झाली. त्यांत मेळ्यांत डुकरांच्या संपर्कात आलेली मुले बहुसंख्य होती. त्यानंतर डुकरे मेळ्यात ७२ तासांपेक्षा अधिक न ठेवण्याची शिफारस पुढे आली.

मेळ्याच्या शेवटी होणाऱ्या लिलावात स्थानिक व्यावसायिक बाजारभावापेक्षा बरीच जास्त किंमत देतात आणि ती रक्कम अनेकदा मुलाच्या शिक्षणासाठी राखली जाते. पैदाशीच्या कालवडी व मेंढ्या मात्र घरी परततात आणि पुढील वर्षांच्या कळपाचा पाया होतात.